गुन्हेगारीचा अभ्यास आणि ग्रंथालयांतील साक्षीदार

गुन्हेगारीच्या शास्त्रीय अभ्यासाकडे आपल्याकडील विद्यार्थ्यांचें लक्ष अलीकडे वळूं लागलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. या विषयावर प्रबंध लिहूं इच्छिणारा विद्यार्थी प्रथम ग्रंथालयांत जातो, तेथील सूची चाळतो, आणि जीं पुस्तकें हातीं लागतील त्यांच्या आधारें आपल्या पहिल्या दोन प्रकरणांची उभारणी करतो. त्याचें स्वतःचें संशोधन पुढें सुरू व्हावयाचें असतें. परंतु या दोन प्रकरणांत जो दृष्टिकोन नकळत शिरतो, तो शेवटच्या पानापर्यंत त्याची पाठ सोडीत नाहीं. म्हणून हीं पुस्तकें कोणीं लिहिलीं, कशासाठीं लिहिलीं, त्यांतील माहिती लेखकास कशी कळली, आणि तीं ग्रंथालयाच्या ज्या फळीवर सांपडतात तेथें तीं कां ठेविलेलीं आहेत, याचा थोडा विचार करणें अस्थानीं होणार नाहीं. इतर शास्त्रांत जुन्या पुस्तकांतील चूक फार तर विद्यार्थ्याच्या गुणांवर उठते. या शास्त्रांत ती कोणाच्या तरी दाराशीं पोलीस घेऊन येते.

वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक झाडापाशीं जाऊं शकतो. गुन्हेगारीच्या अभ्यासकास गुन्हा घडतांना पाहावयास मिळत नाहीं. त्याच्या हातीं येतो तो कागद. फिर्याद, पंचनामा, जबानी, निकालपत्र, तुरुंगांतील नोंदवही, खात्याचा वार्षिक अहवाल, या सर्वांचा जन्म राज्यकारभाराच्या गरजेंतून झालेला असतो. फिर्यादींत फिर्यादीचा हेतु असतो, जबानींत ती उतरून घेणाराचा असतो, आणि अहवालांत बहुधा पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाचा असतो. यांत कोणास खोटें ठरविण्याचा प्रश्न नाहीं. न्यायाधीश साक्षीदाराचें म्हणणें ऐकतांना त्याचा पक्षकाराशीं संबंध काय हें विचारून घेतो, तितकेंच येथें करावयाचें आहे.

आपल्या देशापुरतें पाहिलें, तर इंग्रजी अमदानींतील या वाङ्मयाचा आरंभ बहुतेक ठगांपासून होतो. विल्यम स्लीमन यानें जबलपूर येथें ठगांच्या टोळ्या धरून माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या उतरून घेतल्या, आणि इ. स. १८३६ सालीं कलकत्त्यास 'रामसीआना' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. रामसी म्हणजे ठगांची सांकेतिक बोली. तिचा कोश, साक्षीदारांशीं झालेलीं संभाषणें आणि सरकारी कागदपत्रें असें या पुस्तकाचें स्वरूप आहे. ठगांविषयीं पुढें जें जें लिहिलें गेलें, मग तो इतिहास असो, कादंबरी असो वा चित्रपट असो, त्याचें मूळ बहुतांशीं या एका पुस्तकांत सांपडतें.

पुस्तक अत्यंत मनोरंजक आहे, आणि तेवढ्यामुळेंच तें सावधपणें वाचावयास हवें. फिरंगिया नांवाचा प्रख्यात जमादार व त्याचे सोबती स्लीमनच्या प्रश्नांस मोठ्या मोकळेपणानें उत्तरें देतात. शकुन, अपशकुन, भवानीची भक्ति, वाटसरूंशीं केलेली गोड सलगी, सर्व कांहीं सांगतात. वाचणारास वाटतें कीं, आपण ठगांचें अंतरंगच पाहत आहों. परंतु हीं माणसें कोणत्या स्थितींत बोलत होतीं, हा विचार मनांत येतांच रंग पालटतो. त्यांच्या मानेभोंवतींचा फांस सैल झाला होता तो या बोलण्याच्या मोबदल्यांत. साहेबास जें ऐकावयाचें आहे तें सांगण्यांत त्यांचा जीव गुंतलेला होता, आणि साहेबास काय ऐकावयाचें आहे हें ओळखण्याइतके ते नक्कीच चतुर होते. तें चातुर्य हाच तर त्यांचा धंदा! याच १८३६ सालच्या ३० व्या कायद्यानें असें ठरविलें कीं, जो मनुष्य ठगांच्या कोणत्याहि टोळींत पूर्वीं अगर पुढें सामील असल्याचें सिद्ध होईल, त्यास जन्मभर सक्तमजुरीची कैद व्हावी. अमुक खून अमक्यानें केला हें सिद्ध करण्याची गरज उरली नाहीं. आणि नवल असें कीं, ठग म्हणजे कोण याची व्याख्या त्या कायद्यांत कोठेंहि नाहीं. ती उणीव जबान्यांनीं भरून काढली; म्हणजे ज्या साक्षीदारांस कायद्याची भीति होती, त्यांच्याच तोंडून त्या कायद्यास अर्थ मिळाला.

तीन वर्षांनीं, १८३९ सालीं, निजामाच्या नोकरींतील मेडोज टेलर यानें 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' ही कादंबरी लिहिली. तिचा नायक अमीर अली आपली हकीकत इतक्या शांतपणें सांगतो कीं, ती खरीच जबानी वाटावी. कादंबरी म्हणून तिची योग्यता मोठी आहे. परंतु प्रबंधांच्या आधारग्रंथांत ती स्लीमनच्या शेजारीं स्वतंत्र पुरावा म्हणून बसविलेली पाहिली म्हणजे मौज वाटते. १९३३ सालीं स्लीमनच्या वंशांतील जेम्स स्लीमन यानें जें पुस्तक लिहिलें, त्याच्या नांवांतच दहा लक्ष खुनांचा आंकडा आहे. तो आंकडा अखेर त्याच माफीच्या साक्षीदारांच्या कथनांवरून फुगविलेला आहे. २००५ सालीं माइक डॅश यानें पुनः हिशेब केला, तेव्हां तो फारच खालीं आला.

याच्या उलट टोंक गांठणारेहि आहेत. ठग नव्हतेच, इंग्रजांनीं ते निर्माण केले, असें म्हणणें अलीकडे कांहीं मंडळींस सोईचें वाटतें. हिरालाल गुप्ता यांनीं १९५९ सालीं व स्ट्युअर्ट गॉर्डन यांनीं १९६९ सालीं स्लीमनच्या चित्रावर शंका घेऊन ठगीचा संबंध त्या काळच्या राजकीय व आर्थिक उलथापालथीशीं जोडला. राधिका सिंहा यांनीं १९९८ सालच्या आपल्या ग्रंथांत कायद्याच्या बाजूची छाननी केली. परंतु किम वाग्नर यांनीं २००७ सालीं तेच जुने कागद पुनः उलगडून असें दाखविलें कीं, साहेबाच्या कल्पनेचें कवच सोलून काढलें तरी आंत कांहीं उरतेंच: जमीनदारांच्या आश्रयानें वाटसरूंस लुटून मारणारे लोक होते, आणि तें त्यांच्या पोटापाण्याचें साधन होतें. आमच्या मतें नव्या विद्यार्थ्यानें वाग्नरचें हें पुस्तक प्रथम वाचावें आणि मग 'रामसीआना' हातीं घ्यावें. विपरीत क्रमानें वाचल्यास फिरंगियाची जादू उतरावयास फार दिवस लागतात.

आतां घराजवळ येऊं. मुंबई इलाख्याच्या पोलीसखात्यांतील एक वरिष्ठ अधिकारी मायकेल केनेडी यानें 'नोट्स ऑन क्रिमिनल क्लासेस इन द बॉम्बे प्रेसिडेन्सी' या नांवाचें पुस्तक लिहिलें. तें १९०८ सालीं मुंबईस सरकारी छापखान्यांत छापलें गेलें. त्यांत बेरड, भामटे, कैकाडी, मांगगारुडी, पारधी, रामोशी, वडार इत्यादि जमातींचीं प्रकरणें आहेत. प्रत्येक प्रकरण ठराविक सदरांत विभागलेलें आहे: वस्तीचें ठिकाण, फिरण्याचा टापू, लोकसंख्या, रूप व पोशाख, बोली, उपजीविकेचें दिखाऊ साधन, वेषांतरें, कोणत्या गुन्ह्याची चटक आहे, गुन्ह्याची रीत, हत्यारें, आणि माल लपविण्याच्या व विकण्याच्या युक्ति. पोलीस शिपायाच्या उपयोगासाठीं केलेल्या पुस्तकाची ही रचना म्हणून तींत नांव ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु 'उपजीविकेचें दिखाऊ साधन' या तीन शब्दांशीं वाचकानें क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. कैकाडी टोपल्या विणतो, वडार दगड फोडतो व विहिरी खणतो, हें सर्व या सदराखालीं येतें. विहीर खणणें हें दिखाऊ कसें असूं शकेल? विहिरीस तर पाणी लागतें! महाराष्ट्रांतील किती गांवांनीं या दिखाऊ धंद्याचें पाणी प्यालें असेल, याची गणति कोणीं करावी? परंतु एकदां सदर छापून झालें म्हणजे प्रत्येक प्रामाणिक काम त्यांत सोंग म्हणूनच भरलें जाणार. येथें लेखकाच्या दुष्टपणाची गरजच पडत नाहीं. कोष्टकाचा आंखीव रकाना तें काम आपोआप करतो.

दुसरी गोष्ट. ही माहिती कोणापासून मिळाली? जे पकडले गेले त्यांच्यापासून, आणि ज्यांनीं पकडलें त्यांच्यापासून. जो पारधी कधींच पकडला गेला नाहीं, कारण त्यानें कांहींच केलें नव्हतें, तो या पुस्तकांत यावयाचा कसा? युरोपांत हाच घोटाळा लोम्ब्रोझोनें केला होता. १८७६ सालीं त्यानें कैद्यांचीं डोकीं, कान व जबडे मोजून जन्मजात गुन्हेगाराची आकृति ठरविली. १९१३ सालीं चार्ल्स गोरिंग यानें सुमारें ३,००० इंग्रज कैद्यांचीं मापें घेऊन तीं कैदी नसलेल्यांच्या मापांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां त्या आकृतीचा मागमूस राहिला नाहीं. आपल्याकडे असा गोरिंग कोणीं झाला नाहीं. केनेडीच्या पुस्तकाशेजारीं तितक्याच बारकाईनें लिहिलेलें एखादें प्रतिष्ठित जातीच्या लांचलुचपतीचें व खोट्या दस्तऐवजांचें प्रकरण असतें, तर तुलना करतां आली असती. तसें प्रकरण लिहिण्याचा हुकूम कोणींच दिलेला नव्हता.

या पुस्तकाचें पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दिल्लीस पुनर्मुद्रणहि निघालें, आणि येथें ग्रंथालयाच्या सूचीचा एक धोका सांगितला पाहिजे. पुनर्मुद्रणाच्या पहिल्या पानावर नवें साल असतें, सूचींत तेंच उतरतें, आणि विद्यार्थी तें साल पाहून हें आपल्याच काळचें संशोधन असें समजतो. मग पोलिसी अमदानींतील वाक्य 'अलीकडील अभ्यासानुसार' या प्रस्तावनेसह प्रबंधांत जाऊन बसतें. पुस्तक हातीं घेतांच त्याची मूळ आवृत्ति कधींची हें शोधणें ही अगदीं प्राथमिक सवय आहे. ती नसल्यामुळें होणारें नुकसान मात्र प्राथमिक नसतें.

जुन्या ग्रंथांची संख्या पाहूनहि भुलूं नये. १८८२ सालीं गन्थॉर्प या पोलीस अधिकाऱ्याचें मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांत येथील गुन्हेगार जातींवर एक पुस्तक निघालें. मग केनेडीचें आलें. मग १९१६ सालीं रसेल व रायबहादुर हिरालाल यांचे मध्यप्रांतांतील जातींवरील चार खंड आले. १९२० ते १९२२ या काळांत एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यांतील जातींवरील तीन खंड आले. एकच गोष्ट एकापाठोपाठ एक ग्रंथांत वाचली म्हणजे विद्यार्थ्यास ती चौपट सिद्ध झाल्यासारखी वाटते. परंतु रसेल व हिरालाल यांनीं आपल्या तळटीपांतून गन्थॉर्प व केनेडी यांचीं नांवें सचोटीनें दिलीं आहेत, आणि त्या तळटीपा कोणीं वाचीत नाहीं हा त्यांचा दोष नव्हे. तळटीपेचा धागा धरून मागें मागें गेलें कीं, पुष्कळदां सर्व ओघ एका जिल्ह्यांतील एका अधिकाऱ्याच्या टिपणापाशीं जाऊन थांबतो. पोलीसखात्याचें टिपण जातिवर्णनाच्या ग्रंथांत शिरलें म्हणजे त्याचा गणवेष उतरतो आणि तें मानववंशशास्त्र म्हणून मिरवूं लागतें. एवढें स्थलांतर लक्षांत आलें तरी अर्धें काम झालें.

आमच्या मराठी ग्रंथकारांनीं या बाबतींत कांहीं निराळें केलें काय? त्रिंबक नारायण आत्रे यांचें 'गुन्हेगार जाती' हें पुस्तक १९११ सालीं आलें आणि 'गांव-गाडा' १९१५ सालीं. 'गांव-गाडा' हा मराठींतील एक अपूर्व ग्रंथ आहे. खेड्याच्या कारभाराची इतकी जिवंत ओळख करून देणारें दुसरें पुस्तक त्या काळांत दाखवितां यावयाचें नाहीं. परंतु आत्रे यांचें अंतःकरण कुणब्यापाशीं आहे. त्यांतील फिरस्त्यांविषयींचें प्रकरण वाचावें. कुणब्याच्या खळ्यावरून दाणे नेणारे किती हात आहेत याचा हिशेब त्यांत आहे, आणि त्या हातांच्या मागें पोट आहे हें लेखकास फारसें महत्त्वाचें वाटलेलें दिसत नाहीं. तरीहि केनेडीपेक्षां आत्रे अधिक उपयोगी पडतात, कारण ते व्यवहार पाहतात: कोण काय आणतो, कोण काय नेतो, गांव कोणास वेशीबाहेर ठेवतो. ज्या निरीक्षणापासून लेखक एक निष्कर्ष काढतो, त्यापासून वाचकास दुसरा काढतां येईल इतकें तें निरीक्षण भरीव आहे.

उमाजी नाइकाची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्याला पकडण्याच्या मोहिमेवर असलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यानें, उमाजीस १८३२ सालीं पुण्यास फांशी दिल्यानंतर वर्षभरानें, १८३३ सालीं रामोशी जमातीचा इतिहास व त्यांत उमाजीचें चरित्र लिहून मुंबईस छापविलें. आज उमाजीस आद्य क्रांतिवीर म्हणून महाराष्ट्र वंदन करतो, आणि त्याच्या चरित्रांतील बहुतेक तपशील या शत्रूच्याच पुस्तकांतून घेतो! यांत विसंगति आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यास वर्षानुवर्षें डोंगरदऱ्यांतून शोधावें लागलें, त्याच्याविषयीं शोधणाराच्या मनांत एक प्रकारचा आदर उत्पन्न होतो, आणि तो लपविण्याइतका मॅकिंटॉश क्षुद्र नव्हता. परंतु दरोडेखोर हा शब्द काढून त्या जागीं क्रांतिकारक हा शब्द घातला कीं टीकेचें काम संपलें, असें मानणाऱ्या चरित्रकारांनीं त्याचें पुस्तक वाचलेलें नसून केवळ वापरलेलें आहे.

आतां फळीचा प्रश्न. आपल्या पुष्कळ ग्रंथालयांत ड्युईची दशांश वर्गीकरण पद्धति चालते. तींत गुन्हेगारीशास्त्राचा अंक ३६४, तुरुंगांचा ३६५, फौजदारी कायद्याचा ३४५, हिंदुस्थानच्या इतिहासाचा ९५४, आणि मराठी वाङ्मयाचा ८९१.४६ आहे. या विषयाचा अभ्यासक ३६४ पाशीं उभा राहिला, तर त्यास अधिकाऱ्यांचीं, वकिलांचीं आणि प्राध्यापकांचीं पुस्तकें सांपडतील. लक्ष्मण माने यांचें 'उपरा' व लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' हीं त्यास तेथें बहुधा सांपडावयाचीं नाहींत. तीं दूर, वाङ्मयाच्या दालनांत असतात. म्हणजे ज्यानें पकडलें त्याचें म्हणणें शास्त्र ठरलें, आणि जो पकडला गेला त्याचें म्हणणें साहित्य ठरलें. असा कट कोणीं केला असें नव्हे. ग्रंथपाल बिचारा पुस्तकाचें मुखपृष्ठ पाहून अंक टाकतो. परंतु विद्यार्थी फळीस शास्त्राची सीमा समजतो, आणि त्याच्या प्रबंधाची सीमाहि तेथेंच पडते.

शब्दांचाहि एक अडसर आहे. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा झाला, तो प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई व मद्रास इलाख्यांसहि लागू करतां येऊं लागला. १९२४ सालीं तो पुनः नव्यानें बांधला गेला. आणि १९५२ च्या ऑगस्टअखेर तो रद्द झाला. यामुळें जुन्या सूचींत 'क्रिमिनल ट्राइब्स' या शब्दाखालीं शोधावें लागतें, त्यानंतर कांहीं काळ त्याच शब्दामागें 'माजी' हें विशेषण लागलेलें दिसतें, आणि पुढें 'विमुक्त' व 'भटके' हे शब्द येतात. जो एकाच शब्दानें शोधतो त्यास एकाच काळाचा पुरावा मिळतो. केवळ जुना शब्द वापरणारास सर्वत्र गुन्हेगार दिसतात. केवळ नवा शब्द वापरणारास हीं माणसें जणूं १९५२ सालींच जन्मास आलीं असें वाटतें.

वर उल्लेखिलेल्या आत्मकथनांचें मूल्य काय? 'उपरा' १९८० सालीं व 'उचल्या' १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. दोहोंसहि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या जोडीस भीमराव गस्ती यांचें 'बेरड' घेतलें, म्हणजे केनेडीच्या कैकाडी, भामटे व बेरड या तीन प्रकरणांस तीन उत्तरें मिळाल्यासारखें होतें. हीं उत्तरें ज्या प्रकारचीं असतील अशी अपेक्षा असते त्या प्रकारचीं मात्र तीं नाहींत. 'उचल्या'चा लेखक चोरी नाकारीत नाहीं. पोरांस खिसे कापावयास कसें शिकविलें जातें, पोलिसांच्या माराची संवय कशी करून घेतली जाते, हें तो इतक्या उघडपणें सांगतो कीं केनेडीसहि नवें कांहीं शिकावयास मिळालें असतें. फरक आहे तो सदरांत. केनेडी ज्यास चटक म्हणतो, तेथें गायकवाड आपणांस पहांटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस दाखवितात: काम मागितलें तर मिळत नाहीं, जमीन नाहीं, चोरी कोठेंहि झाली तरी झडती आपल्याच झोंपडीची, आणि चोरीच्या मालांतील वाटा पोलिसांचाहि. गुन्ह्याची रीत तीच. तिच्या आगेमागें जें आहे तें केनेडीच्या कोष्टकांत मावत नव्हतें.

तथापि आत्मकथनासहि उलटतपासणी चुकत नाहीं. तें एका माणसाचें कथन आहे. तो माणूस शिकला, बाहेर पडला, आणि बाहेरच्या वाचकासाठीं लिहूं लागला. जे बाहेर पडले नाहींत त्यांचें म्हणणें त्याच्या म्हणण्यासारखेंच असेल असें धरून चालणें म्हणजे पुनः एका व्यक्तीवरून जमातीचें वर्णन करणें होय, आणि तो दोष तर आपण केनेडीस लावून बसलों आहों. शिवाय या पुस्तकांतील आई, आजी, भावजय या बायका पुरुषांच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या आहेत. पोलिसांच्या छाप्यांत पालावर मागें राहून सर्वांत अधिक सोसणाऱ्या त्याच होत्या.

आंकड्यांविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण त्यांच्यावर विश्वास ठेवणारे आणि त्यांस हंसणारे असे दोनच पंथ आढळतात, व दोघेहि आंकड्यांखालील टिपा वाचीत नाहींत. 'क्राइम इन इंडिया' हा देशव्यापी वार्षिक अहवाल १९५३ सालापासूनच्या गुन्ह्यांची गणति देतो. १९८६ सालीं स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पुढें तो काढूं लागला. त्यांत मोजले जातात ते नोंदले गेलेले गुन्हे. ज्या जिल्ह्यांत फिर्याद घेण्यास टाळाटाळ होते तो जिल्हा त्यांत शांत दिसतो. शिवाय एका फिर्यादींत अनेक अपराध असले तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजावा, असा त्या गणतीचा नियम आहे; दरोडा घालून खून केला तर खुनाच्या रकान्यांत एक पडतो, आणि दुसरा अपराध हिशेबांतून नाहींसा होतो. तुरुंगांच्या आंकड्यांचेंहि तसेंच. २०२२ च्या अखेरीस देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं, त्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा अपराध अद्याप ठरलेलाच नव्हता. अशा आंकड्यांवरून अमुक जातींत गुन्हेगारी किती, हें काढणारा मनुष्य प्रत्यक्षांत पोलीस कोणास पकडतात व कोणास जामीन मिळत नाहीं हेंच मोजीत असतो. तेंहि मोजण्यासारखेंच आहे. फक्त मथळा खरा द्यावा.

येथें अमेरिकेंतील एका पुस्तकाची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञानें १९३९ सालीं एका भाषणांत प्रतिष्ठितांच्या गुन्हेगारीचा विषय प्रथम मांडला, आणि दहा वर्षांनीं, १९४९ सालीं, ७० मोठ्या कंपन्यांविरुद्ध न्यायालयांनीं व सरकारी मंडळांनीं दिलेले निर्णय गोळा करून ग्रंथ लिहिला. निर्णय सार्वजनिक होते. तरीहि प्रकाशकास अब्रुनुकसानीच्या दाव्याची धास्ती पडली, आणि कंपन्यांचीं नांवें गाळावीं लागलीं. नांवांसह पूर्ण ग्रंथ बाहेर पडावयास १९८३ साल उजाडलें. सदरलँड तेव्हां हयात नव्हता. केनेडीनें आपल्या पुस्तकांत नांव घेतलेल्या जमातींपैकीं कोणीं अब्रुनुकसानीचा दावा लावील अशी भीति सरकारी छापखान्यास पडल्याचें ऐकिवांत नाहीं. एकाच शास्त्राच्या एकाच फळीवर हीं दोन पुस्तकें उभीं असतात: एकांत निर्णय असून नांवें नाहींत, दुसऱ्यांत नांवें असून निर्णय नाहींत.

हा सर्व जुना इतिहास झाला, असें कोणी म्हणेल. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयास, कांहीं राज्यांच्या तुरुंगविषयक नियमावल्यांतून सराईत गुन्हेगाराच्या व्याख्येआड भटक्या व विमुक्त जमातींस गोंवणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवावे लागले, आणि या जमातींच्या लोकांस पोलिसांनीं मनमानी अटक करूं नये असें बजवावें लागलें. कायदा रद्द होऊन ७२ वर्षें लोटलीं होतीं. त्याची भाषा नियमावल्यांत टिकून राहिली, कारण एक नियमावली दुसरीवरून उतरून घेतली जाते, जसें एक प्रकरण दुसऱ्यावरून.

या विषयावर काम करूं इच्छिणाऱ्यांनीं छापील पुस्तकांपाशीं थांबूं नये. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारांत जुन्या न्यायखात्याचीं व गृहखात्याचीं दफ्तरें आहेत. पुण्यांतील गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयांत जुन्या सरकारी प्रकाशनांचा मोठा संग्रह आहे. मुंबई इलाख्यांत या जमातींच्या वसाहतींवर ओ. एच. बी. स्टार्ट हे अधिकारी होते, आणि त्यांच्या खात्याचे वार्षिक अहवाल छापले जात. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे सोंपविलेली होती व तिनें गिरण्यांस मजूर पुरविले. अहवालांत तिचें वर्णन सुधारणेची संस्था म्हणून येतें, हजेरीच्या नोंदींत ती कैद म्हणून दिसते, आणि गिरणीच्या हिशेबांत स्वस्त मजुरीचा पुरवठा म्हणून. तिन्ही वर्णनें खरीं आहेत, आणि तीं एकत्र ठेवून लिहिलेला एखादा मराठी ग्रंथ पाहावयास मिळावा अशी आमची इच्छा आहे. ज्यांच्यावर कायदा लादला गेला त्यांचे सरकाराकडे केलेले अर्ज सांपडण्याचा संभव असलाच तर तो या दफ्तरांतच आहे. आणि सोलापुरांत 'सेटलमेंट' हें आजहि वस्तीचें नांव आहे. तेथें ज्यांचे आईबाप तारेच्या कुंपणांत राहत होते अशीं वृद्ध माणसें आज जीं थोडीं उरलीं असतील, त्यांच्याकडे वही घेऊन जावयाचें असेल तर तें याच दोन-चार वर्षांत जावें लागेल. अहवालांचे खंड त्यानंतरहि फळीवर असतील.